उशिराचं कारण

रात्री साडेनऊला आमची मोटार चांदवडला मामांच्या दारात लागली. ‘लागली’ हा शब्द मामांचा. त्यांच्या भाषेत गाडी येत नाही, लागते. जात नाही, सुटते. आणि रात्रभर दारात उभी राहिली तर ती ‘मुक्कामी’ होते. मी अजून हँडब्रेक ओढत होतो तोवर मामा ओट्यावर येऊन, मनगट दिव्याकडे तिरकं करून घड्याळ बघत होते.

“सव्वानऊची होती तुमची,” ते म्हणाले. “पंधरा मिनिटं. कारण?”

“संगमनेरला चहाला थांबलो, मामा.”

“तिथं थांबा नव्हता तुम्हाला.” एवढं बोलून त्यांनी सदऱ्याच्या खिशातून छोटी वही काढली, त्यात ‘चहा’ असं लिहिलं, वही परत ठेवली आणि मगच माझ्या बायकोकडे वळून म्हणाले, “ये गं, ये. दमली असशील.”

मामांची सगळी हयात एसटीत गेली. आधी कंडक्टर म्हणून. खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे आणि टकटक वाजणारा पंच. नंतर वाहतूक नियंत्रक म्हणून, स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीआड, समोर माइक आणि लांबलचक नोंदवही घेऊन. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं चांदवड म्हणजे लहान स्टँड, पण वर्दळ दांडगी. इकडे मालेगाव-धुळे, तिकडे नाशिक, मधूनच मनमाड. कुठली गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, लेट असेल तर किती, आणि शेवटच्या रकान्यात कारण. मामा सांगतात, त्यांच्या पाळीत कारणाचा रकाना कधी कोरा राहिला नाही. टायर, घाट, मोर्चा, कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, बैल आडवा आला, कंडक्टरचं पोट बिघडलं. जे असेल ते. “कारणाशिवाय गाडी लेट होतच नाही. कारण सापडलं नाही तर समजायचं, आपण विचारलं नाही.”

निवृत्तीच्या दिवशी लोकांनी त्यांना शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. ते श्रीफळ फोडून मामीने नारळीभात केला, शाल कपाटात गेली आणि वाहतूक नियंत्रणाची केबिन मामा सोबत घरी घेऊन आले. तेव्हापासून घरातलं दूध ‘वेळेत’ येतं, पाणी ‘लेट’ येतं, आणि मामेभाऊ रात्री उशिरा परतला तर मामा त्याला रागावत नाहीत, त्याची नोंद करतात. रागावणं परवडलं, असं मामेभाऊ म्हणतो.

नियंत्रण करायला घर पुरेना, तेव्हा मामांनी सहली सुरू केल्या.

प्रत्येक कुटुंबात सहल काढणारा एक माणूस असतो. गाडी तो ठरवतो, डोकी तो मोजतो (ड्रायव्हर धरून, म्हणून दरवेळी एक जास्त भरतो), पाण्याचं जरकीन, सुतळी, विजेरी आणि ओवा तो बरोबर घेतो, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला ती वस्तू तेवढी तो बघत नाही. देवळात गेलो तर तो चपलांपाशी, किल्ल्यावर गेलो तर पायथ्याशी गाडीपाशी, वस्तुसंग्रहालयात गेलो तर तिकीटखिडकीपाशी. “तुम्ही बघून या निवांत,” म्हणायचं आणि वीस मिनिटांनी शिट्टी फुंकायची. आमच्या मामांकडे खरीखुरी शिट्टी आहे, काळ्या दोरीत ओवलेली.

त्यातून मामांना वस्तुसंग्रहालयांचा नाद. का, ते कोणालाच कळलेलं नाही. मला वाटतं, त्यांना तिथली शिस्त आवडत असावी. प्रत्येक वस्तूला क्रमांक, प्रत्येकीपुढे पाटी, कोणी जागा सोडायची नाही. “सगळ्या मुक्कामी गाड्या आहेत ह्या,” काचेच्या कपाटांकडे लांबून हात करत ते एकदा म्हणाले होते. “एकदा लागल्या की सुटणं नाही. नियंत्रकाला किती आराम!”

आणि दुसरा नाद खाण्याचा. हे दोन्ही त्यांनी एकाच वहीत बसवले आहेत. ही वही मोठी, लाल पुठ्ठ्याची, कपाटात गादीखालच्या किल्लीने कुलूपबंद. प्रत्येक सहलीला एक पान. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘पाहिले’, उजवीकडे ‘खाल्ले’. खाली उशिराची नोंद, कारणासह.

मी ती वही एकदा मामा अंघोळीला गेले असताना वाचली आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयाचं पान बघा. दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, विळ्या, खवण्या, दौती, दरवाजे गोळा केले, लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने त्या संग्रहाला ‘राजा’ केळकर संग्रहालय म्हटलं आणि पुढे सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. मामांच्या वहीत डावीकडे एवढंच: ‘केळकर. जुनी भांडी पुष्कळ.’ उजवीकडे मात्र अर्धं पान भरलेलं: साबुदाणावडा दोन प्लेट (दही वेगळे पैसे), मस्तानी चार, बाकरवडी पाऊण किलो घरी नेण्यास, पैकी शिरूरपर्यंत अर्धी संपली. आणि खाली: ‘उशीर 20 मि. कारण: सौ., खवण्यांपाशी.’

त्या वीस मिनिटांचा मी साक्षीदार आहे. मामी एका पितळी खवणीपुढे उभी होती. मोराच्या आकाराची ती खवणी होती आणि मोराच्या तोंडाला खवायचं पातं होतं. मामी तिच्याकडे बघत होती आणि बघता बघता तिचा उजवा हात हवेत नारळ फिरवल्यासारखा गोल फिरत होता. ‘पातं जरा खाली पाहिजे होतं, मनगट दुखलं असणार हो तिचं,’ असं ती त्या दोनेकशे वर्षांपूर्वीच्या कोणा बाईबद्दल म्हणाली, आणि बाहेर शिट्टी वाजली.

औंधचं पान असंच. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, राजा असून स्वतः चित्रं काढणाऱ्या त्या माणसाने, 1938 साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभं केलं. तिथे हेन्री मूरचं दगडातलं आई आणि मूल आहे. युरोपातली माणसं ज्याच्या शिल्पासाठी तिकीट काढून रांगा लावतात, तो औंधात असा एकटा बसलेला असतो. मामांची नोंद: ‘दगडी बाई, मूल. परदेशी. नाक नाही.’ उजवीकडे: ‘पिठलं-भाकरी 9 जणांत, भाकरी मोठी. कंदी पेढे सातारा, 1 किलो. उशीर 15 मि. कारण: सौ., दगडी बाईपाशी.’ कोल्हापूरच्या टाउन हॉलमध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची रोमन ब्राँझ मूर्ती आहे. समुद्र ओलांडून पंचगंगेकाठी आलेला देव. मामा लिहितात: ‘परदेशी देव, लहान.’ समोर तांबडा आणि पांढरा रस्सा, प्रत्येकी किती वाट्या ते माणसागणिक. शेवटी परत ‘कारण: सौ.’

मामीला हे माहीत आहे. तिला कधी कोणी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही.

तर यावेळच्या सहलीचं निमित्त माझी मुलगी. ती दहा वर्षांची आहे आणि तिला प्रश्न विचारायची वाईट खोड आहे. दिवाळीत तिने मामांना फोनवर विचारलं, “आजोबा, तुमच्या गावातलं म्युझियम कुठलं?”

पलीकडे इतका वेळ शांतता की फोन कटला असं वाटलं. मग मामा म्हणाले, “आमचं गावच म्युझियम आहे बेटा,” आणि फोन खरोखरच ठेवला.

त्यांना ते लागलं होतं. कारण आख्खा महाराष्ट्र पालथा घातलेल्या त्या लाल वहीत चांदवडचं पान नव्हतं. आणि चांदवडला काय नाही! डोंगराला टेकलेलं रेणुकामातेचं देऊळ आहे, जैन लेणी आहेत, चंद्रेश्वर आहे, किल्ला आहे. होळकरांची टांकसाळ इथे होती. जुन्या कागदांत भेटणारा चांदवडी रुपया तो हाच. पुण्याच्या पाहुण्यांपुढे मामांचं हे ठेवणीतलं अस्त्र: “तुमच्याकडे नुसते खर्च व्हायचे. आमच्याकडे रुपये पडायचे.” यावर मामेभाऊ, जो कांदा पिकवतो, न चुकता म्हणतो, “आता फक्त भाव पडतो.” आणि गावात, बाजारपेठेच्या जवळ, अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे, जो सगळं चांदवड जाता-येता बघतं, म्हणजे बघत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मामांनी वेळापत्रक वाचून दाखवलं. माइक नव्हता, पण आवाज तोच, नाकातून येणारा, प्रत्येक गावाचं नाव शेवटी लांबवणारा. सकाळी सातला रेणुकामाता. आठला घरी पोहे. दहाला रंगमहाल, पंचवीस मिनिटं. दहा पंचवीसला सुटणार, वडाळीभोई, पिंपळगाव, ओझरमार्गे नाशिक, साडेअकराला मिसळ. नंतर गोदाकाठचा सरकारवाडा, तिथलं वस्तुसंग्रहालय. मग पांडवलेणी. मग त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय, “चांदवडी रुपयाची चौकशी करायची आहे”. रात्री आठला परत, शेवभाजी.

“मिसळ रंगमहालाच्या आधी का नाही?” बायकोने भीत भीत विचारलं.

मामांचा यावर सिद्धांत आहे. उपाशी माणसाला कला दिसत नाही, भरल्या पोटी माणूस कलेपुढे डुलक्या घेतो. म्हणून कला अर्धपोटी बघायची. आधी पोहे, तेही बशीभर, आणि मिसळीचं गाजर पुढे धरलेलं. “माणूस चालता राहतो,” मामा म्हणाले. ही प्रवासी हाकण्याची विद्या कुठल्या अभ्यासक्रमात नाही.

सकाळी भाड्याची क्रूझर दारात लागली. अकरा माणसं, मामांच्या मोजणीने बारा. मुलीला मामांनी जुन्या पुठ्ठ्याचं तिकीट कापून दिलं, ‘चांदवड ते चांदवड, अर्धे’, आणि खिशातून पंच काढून टक्क करून भोक पाडलं. पंच खात्यात जमा करायचा राहून गेला, असं ते म्हणतात. ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव अनियमितता, आणि तिचं कारण कुठेही नोंदलेलं नाही.

देवीचं दर्शन वेळेत झालं. पोहे वेळेत झाले. शेंगदाणे सढळ, वर ओलं खोबरं नाही, कोथिंबीर आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा. चांदवड तालुक्यात कांदा मोजून घालणं अपशकुनी मानत असावेत. बरोबर दहाला रंगमहालापुढे गाडी उभी राहिली. मामा खाली उतरले, दार धरून उभे राहिले, एकेकाला उतरवून घेतलं आणि म्हणाले, “जा. मी सामानापाशी आहे. पंचवीस मिनिटं.”

“आजोबा, तुम्ही नाही येत?” मुलगी.

“मी पाहिलाय.”

“कधी?”

मामांनी शिट्टी चाचपली. “जा, वेळ चालू झाली.”

बाहेरून रंगमहाल गढीसारखा दिसतो. उंच भिंत, भलाथोरला दरवाजा, रागावलेल्या माणसाचं तोंड असतं तसा. आत गेलं की लाकूड सुरू होतं. कोरीव खांब, खांबांवर तासलेली पानंफुलं, तुळया, छत, आणि भिंतींवर चित्रं, काही जागी रंग तग धरून आहेत, काही जागी नुसती त्यांची आठवण उरली आहे. अहिल्याबाईंचा कारभार महेश्वरहून चाले. 1767 ते 1795 एवढी वर्षं. माळव्यातून दक्षिणेत उतरायची वाट चांदवडवरून. मामांच्या हिशेबाने रंगमहाल म्हणजे होळकरांच्या मार्गावरचं आगार, मुक्कामी पालख्यांची सोय असलेलं. हे मी इतिहासाच्या कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही, पण यापेक्षा बरं एका वाक्यात मला सांगता येणार नाही.

आम्ही हिंडलो. मुलीने सतरा फोटो काढले, त्यातले बारा स्वतःचे. मामेभाऊ सावलीत बसून फोनवर बाजारसमितीचे भाव ऐकत होता. मामी एका खांबापाशी थांबली. ती थांबणार हे ठरलेलं होतं, म्हणून मी घड्याळ पाहिलं. दहा बावीस.

दहा चोवीसला मामा आत आले. तोंडात शिट्टी, हातात घड्याळ. वाजवणार तेवढ्यात मामी मागे न बघताच म्हणाली, “अहो, हे पान बघा. उलटं फिरलंय.”

“गाडी सुटतेय,” मामा शिट्टीभोवतीने म्हणाले.

“सगळी पानं अशी उजवीकडं वळलीत. करंजीला कातणं फिरवतो ना, तशी, एका हातानं. आणि हे एकच डावीकडं.”

खरोखर तसं होतं की सकाळच्या तिरक्या उजेडाचा खेळ होता, मी आजही शपथेवर सांगणार नाही. पण मामीने एक चूक केली, किंवा हुशारी केली. एवढ्या वर्षांच्या संसारात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. तिने मामांना खांब सुंदर आहे असं सांगितलं नाही. त्यावर ते “असू दे” म्हणून निघाले असते. तिने त्यांना एक अनियमितता दाखवली.

मामांच्या तोंडातून शिट्टी खाली दोरीवर लोंबली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, चढवला. खांबाच्या जवळ गेले, मान वर केली. “कुठं?” “ते बघा, तिसरं.” मामांनी पानं मोजली. एकदा, दोनदा. मग पलीकडच्या खांबाकडे गेले आणि तिथली मोजली. परत पहिल्याकडे आले. “कारण काय असेल?” ते म्हणाले. हे ते मामीला विचारत होते. मी तरी हा प्रश्न त्यांनी मामीला विचारताना आधी कधी ऐकला नव्हता. तिचं नाव उत्तरातच यायचं.

“सुतार बदलला असेल,” मी म्हणालो.

“मग पुढची सगळी डावीकडं पाहिजेत.”

“चुकला असेल.”

“चुकला असता तर मुकादमानं पाहिलं नसतं? होळकरांच्या घरचं काम आहे, काय समजलास!”

“डावखुरा पोरगा असेल हाताखाली,” मामी म्हणाली. “बापानं म्हटलं असेल, कर एक.”

मामा काही बोलले नाहीत. हातातली पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली, न बघता, खुंटीला अडकवावी तशी, आणि पुढच्या खांबाकडे गेले.

मी बाहेर येऊन सामानापाशी बसलो. मामांच्या जागेवर बसून जग कसं दिसतं ते तेव्हा कळलं. दशम्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, जरकीन, सुतळी, ओवा. समोर रस्ता, दुचाक्या, टपरीवरचा चहा. इतकी वर्षं हा माणूस प्रत्येक वास्तूच्या बाहेर बसून हेच बघत आला होता, आणि वाईट नव्हतं ते. दहा पस्तीस झाले. दहा पन्नास. पोह्यांची वेळ संपली, मिसळीची लागली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. आतून एकेक माणूस परत आलं, मामा-मामी सोडून. शेवटी मुलगी आत गेली, मामांच्या गळ्यातली शिट्टी हातात घेऊन तिने फुर्रर्र केलं, आणि आतून मामांचा आवाज आला, “थांब ना भो!”

नियंत्रकाने गाडी थांबवून ठेवली होती, आणि तीही स्वतःसाठी.

अकरा दहाला क्रूझर हलली. मामा पुढच्या सीटवर गप्प. वडाळीभोई गेलं, त्यांनी नाव पुकारलं नाही. पिंपळगाव गेलं. ओझरला मुलीनेच “ओझरऽऽ” केलं, नाकातून.

मिसळ पाऊणला मिळाली. नाशिकच्या बाहेर द्राक्षबागांच्या कडेला अशी ठिकाणं आता जागोजाग झाली आहेत, जिथे चूल, बाज आणि झोका असतो आणि मिसळीला जत्रेसारखी गर्दी असते. काळ्या मसाल्याचा रस्सा, मोड आलेली मटकी, वर शेव, बाजूला दही, पापड, कांदा-लिंबू, आणि शेवटी जिलबी. तर्री वेगळ्या भांड्यात येते; ज्याला जेवढं सोसेल तेवढं. एरवी इथे मामांचा तास भरतो: पाव किती, रस्सा परत मागितला तर मिळतो का, मटकी तळाशी किती. आज त्यांनी मिसळ खाल्ली आणि पाव मोजले नाहीत. पापडाचा तुकडा हातात घेऊन, तो रश्श्यात बुडवायच्या ऐवजी बोटांत फिरवून बघत होते, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. “उजव्या हातानं काम करणाऱ्याला डावीकडे वळवायला किती त्रास पडतो बघ,” ते मला म्हणाले. पापड मोडला.

सरकारवाडा राहिला. अंजनेरी राहिलं, चांदवडी रुपयाची चौकशी पुढच्या फेरीला. पण पांडवलेणी मुंबई-आग्रा रस्त्यालगतच, म्हणून गेलो. मामा पायथ्याशी बसतील असं धरून मी त्यांच्यासाठी सावली शोधू लागलो, तर ते पायऱ्या चढायला लागलेसुद्धा. मोजत होते, पण चढत होते.

तिथे चोवीस लेणी आहेत, आणि दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख. त्याने भिक्षुसंघाला तीन हजार कार्षापण दिले आणि ते गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, हजार दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च. मी हे सांगितलं आणि मामा भिंतीसमोर हात जोडून उभे राहिले.

“याला म्हणतात नोंद,” ते म्हणाले. “किती दिले, कोणाकडं ठेवले, काय दरानं, कशासाठी. कारणासकट. आणि कागदावर नाही, दगडावर. ऑडिट आलं तर आजही दाखवा.”

“पण मामा, पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने या नहपानाला हरवलं. इथून जवळच, सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला, 1906 साली नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. नहपानाची चांदीची नाणी, तेरा हजारांवर. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारून घेतलाय, जुन्या ठशावरच.”

“म्हणजे?” मामांनी डोळे बारीक केले. “वापरलेल्या तिकिटावर परत पंच?”

“तसंच.”

“निलंबित केला असता त्याला.” थोडं थांबून म्हणाले, “पण जुना छाप दिसतो का खालून?”

“दिसतो. राजाचं नाक दिसतं, केस दिसतात.”

“मग ठीक आहे. पुसला नाही ना.”

मामी शेजारच्या खांबाचा पाय बघत होती, घटासारखा दगडी तळ. मामा तिच्याजवळ गेले. शिट्टी दोरीवर शांत होती. ती बोटाने काहीतरी दाखवत होती आणि ते मान वाकवून बघत होते.

रात्री साडेनऊला गाडी चांदवडला परत लागली. शेवभाजी तोवर व्हायची होती, मग ती झाली: भाजलेला कांदा-खोबरं पाट्यावर वाटून, काळा मसाला, तेलाचा तवंग, आणि जाड शेव अगदी पानात वाढताना घातलेली. आधी घातली तर लगदा होतो, आणि शेवेचा लगदा झाला तर चांदवडचा माणूस कोर्टात जाईल. बाजरीची भाकरी, ठेचा, फोडलेला कांदा. अकरा माणसं ओळीने बसली आणि मामांनी ती मोजली नाहीत.

जेवणानंतर ओट्यावर त्यांनी लाल वही उघडली. मी मुलीला झोपवायच्या निमित्ताने जवळ सरकलो. नवं पान. मधोमध रेघ, पट्टीने. वर ‘चांदवड’. उजवीकडे त्यांनी ‘मिसळ’ लिहिलं आणि किती ते लिहिलं नाही. ‘शेवभाजी (घरची)’. डावीकडे ‘रंगमहाल’ लिहिलं आणि पेन उचललं. मग हळूहळू, पान, त्याचं देठ, त्याचं वळण; चित्र नव्हे, नकाशा काढावा तसं. एक उजवीकडे, एक उजवीकडे, एक डावीकडे. खाली नोंद: ‘प. 10:00. सु. 11:10. उशीर 45 मि. कारण:’

आणि पेन तिथेच थांबलं. रातकिडे ओरडत होते. हमरस्त्यावरून ट्रक जात होते, एकामागून एक, धुळ्याकडे.

आतून मामी म्हणाली, “लिहून टाका ना, सौ. म्हणून. नेहमीचंच आहे.”

मामांनी पेनाला टोपण लावलं.

“नाही,” ते म्हणाले. “आज तू वेळेत होतीस.”